घंटेतली लाल लोकर

शेळीच्या घंटेत लोकर कोंबली ती एल्रॉयने स्वतःच्या हाताने, आणि तीही बायकोच्या मागावरची लाल लोकर. पुढे जे घडलं त्याबद्दल दोष द्यायला त्याला दुसरं कुणीच सापडेना, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

एल्रॉय अटाकाई उन्हाळाभर वाकड्या घळीत पाहुणे नेत असे. घळ म्हणजे लाल खडकाला पुराच्या पाण्याने पाडलेली चीर. वर आभाळ दोरीएवढं, खाली वाळू, आणि मधे दोन्ही भिंती अशा वळलेल्या, की कुणी ओली घोंगडी पिळून तशीच वाळत टाकली असावी. दूरदूरची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून तिचे फोटो काढायला येत. घळ मात्र एल्रॉयची नव्हती. ती त्याच्या सासूची, त्याआधी सासूच्या आईची, आणि त्याआधी तिच्या आईची. अमेरिकेच्या मूळच्या रहिवाशांपैकी आम्हा दिने लोकांत जमीन आणि शेळ्यामेंढ्या बायकांच्या वाटेने चालत येतात. जावई मागाहून येतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही.

सासूचं नाव झोनी मेनीगोट्स. या आडनावाचा अर्थ 'पुष्कळ शेळ्या', आणि म्हातारी त्या नावाला जागून होती. जावयाने सासूला पाहायचं नाही, सासूने जावयाला पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात, ही जुन्यांची शिकवण. हल्ली पुष्कळ घरांत सासू-जावई एका टेबलावर बसून कॉफी पितात. पण झोनीबाईंनी आयुष्यात काय सोडलं होतं, म्हणून हे सोडतील? एल्रॉयची पोरगी कॉलेजात गेली तरी त्याच्या लेखी सासू म्हणजे एक आवाज होता, आणि सासूच्या लेखी जावई म्हणजे पिकअपमागची धूळ.

हे सगळं निभत होतं ते घंटेवर. पूर्वी सासवा अंगावर बारीक घुंगरं बांधून हिंडत, म्हणजे जावयाला वेळेवर पळता यायचं. झोनीबाईंनी ती कधीच काढून पेटीत टाकली होती. "माझ्या जमिनीवर मी का वाजत फिरू?" असा त्यांचा सवाल होता. त्याऐवजी त्यांच्या कळपाच्या पुढे चालणाऱ्या काणी नावाच्या शेळीच्या गळ्यात घंटा होती. काणी एका डोळ्याने आंधळी आणि स्वभावाने झोनीबाईंसारखी. घंटा वाजली की मागे सासू आहे हे समजायचं आणि एल्रॉयने दिशा बदलायची. इतकी वर्षं तो मुकाट्याने दिशा बदलत आला होता.

वसंतात झोनीबाईंनी लेकीला, म्हणजे लोरिंडाला, सांगून टाकलं होतं, "या उन्हाळ्यापुरती घळ दिली म्हणावं त्याला. पण एकदा जरी माझ्या घळीत मला आडवा आला, तर तोंडाशी कुंपण घालीन. तार आणून ठेवली आहे." तार खरोखरच आणून ठेवलेली होती. घळ गेली, की एल्रॉयला पुन्हा फीनिक्सला जाऊन परक्या लोकांच्या घरांची छपरं घालावी लागली असती, आणि आपल्या घरी पाहुण्यासारखं यावं लागलं असतं. लोरिंडा रोज सकाळी त्याला एकच वाक्य बोलून निरोप द्यायची, "कान उघडे ठेव."

तर एके दिवशी चलचित्र काढणारी एक बाई आली होती. तिला घळीतली शांतता हवी होती आणि बाहेर चरणारी काणी तिला ती मिळू देत नव्हती. झोनीबाई तेवढ्यात कॉफी करायला घरात गेल्या होत्या. एल्रॉयने पिकअपमध्ये पडलेला लोकरीचा गुंडा तोडून घंटेत कोंबला. संध्याकाळी काढायचा, असं ठरवलं. संध्याकाळी पिकअपचं चाक बसलं आणि लोकर डोक्यातून गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांचे म्होरके होबार्ट नावाचे एक निवृत्त दंतवैद्य. त्यांनी घळीतल्या फोटोंवर मिळेल ते सगळं वाचलं होतं आणि एक मोठी पिशवी भरून लेन्सा आणल्या होत्या. त्यांच्या गटात विल्मा नावाची एक बारकी, सुस्वभावी बाई होती. तिच्याकडे एकच जुना कॅमेरा होता आणि ती सांगितलेलं ऐकायची.

घळीच्या तोंडाशी एल्रॉयने नेहमीचं सांगायला सुरुवात केली. "लेन्स बदलायची असेल तर इथेच बदला. आत वाळू सतत गळते, ती कॅमेऱ्यात गेली की कॅमेरा खाल्लाच म्हणून समजा. फ्लॅश बंद. फ्लॅश मारला की भिंती उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसतात. आभाळाचा तुकडा फोटोत घेऊ नका, तो पांढराफटक येतो आणि खालचं सगळं काळं पडतं. कॅमेरा उभा धरा, घळ उभी आहे. हात हलत असेल तर भिंतीला टेका, श्वास सोडा, मग बटण दाबा. आणि अधूनमधून मागे वळून बघा. पुढे जाणाऱ्याला अर्धीच घळ दिसते."

"हे मी वाचलंय," होबार्ट म्हणाले.

"वाचलंत तर उत्तमच. डोक्यावरचं ऊन सरळ खाली उतरतं तेव्हा आतमध्ये उजेडाचा खांब उभा राहतो. थोडाच वेळ. मी मूठभर वाळू उडवतो, म्हणजे खांब नीट दिसतो. तेव्हा गडबड नको."

आत शिरण्यापूर्वी एल्रॉयने सवयीने कान दिले. घंटा नव्हती. म्हणजे सासू लांब आहे. तो निश्चिंत मनाने आत शिरला.

सासू लांब नव्हती. तिकडे माळावर झोनीबाईंनीही सकाळपासून कान दिला होता आणि त्यांनाही घंटा ऐकू येत नव्हती. म्हणजे काणी हरवली. त्या तिला शोधत निघाल्या, बाकीचा कळप त्यांच्यामागे निघाला. काणी मुकी घंटा हलवत सावलीसाठी घळीच्या वरच्या तोंडातून आत घुसली होती. तिचे खूर वाळूत दिसले, तशा झोनीबाई आत घुसल्या, आणि त्यांच्यामागे पुष्कळ शेळ्या.

घळीच्या मध्यावर एक जागा आहे, तिथे कोपरं अंगाशी घेऊन चालावं लागतं. उजेडाचा खांब नेमका तिथेच पडतो. एल्रॉय तिथे पोचला आणि वळणावरून काणीचं तोंड पुढे आलं. तिने एका डोळ्याने त्याला ओळखलं. तिच्यामागे लुगड्यासारखा लांब घागरा आणि मखमली बाही दिसली.

एल्रॉयने टोपी हनुवटीपर्यंत ओढली, कपाळ भिंतीला टेकवलं आणि ओरडला, "डोळे मिटा!"

मागे सगळ्या पाहुण्यांनी डोळे मिटले.

"हे कुठे वाचलं नव्हतं," होबार्ट पुटपुटले. "अंधाराची सवय व्हावी म्हणून असेल."

समोर झोनीबाईंनी शाल डोक्यावरून पुढे ओढून घेतली. आवाज त्यांनी ओळखला होता. आता सासू-जावयाने थेट बोलायचंही नसतं. निरोपाला मधे कुणी तरी लागतं. एल्रॉयच्या कोपराखालून विल्माबाई एक डोळा उघडून बघत होत्या. एल्रॉय भिंतीकडे तोंड करून त्यांना आपल्या दिने भाषेत म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, मी आहे."

"काय म्हणालात?" विल्माबाई म्हणाल्या. त्यांना त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं.

"ए बाई, त्याला सांग, कळलं," शालीतून आवाज आला. "माझ्या घळीत दुसरं कोण मेलं असं ओरडणार!"

विल्माबाईंनी शालीकडे बघून नम्रपणे मान हलवली. निरोप पोचला.

"बाई, त्यांना सांगा, कृपा करून थोडं मागे सरकावं. माझ्यामागे माणसं आहेत."

"त्याला सांग, माझ्यामागे शेळ्या आहेत. शेळी कधी मागे चालते का? त्याची माणसं दोन पायांची आहेत, त्यांना म्हणावं चाला."

"बाई, त्यांना सांगा, त्यांच्या शेळ्या ऐकणाऱ्या आहेत. माझ्याकडे दंतवैद्य आहे."

"त्याला सांग, कळप फार झाले म्हणून सरकारी माणसं आमची मेंढरं मारायला आली होती, तेव्हा माझ्या आईने कळप याच घळीत लपवला आणि पुढूनच बाहेर काढला. आमच्यातलं कुणी या घळीतून मागे फिरलेलं नाही."

"बाई, त्यांना सांगा, त्यांच्या आईबद्दल मला आदर आहे. पण तिच्यासमोर जावई उभा नव्हता."

"त्याला सांग, होता! तोच मागे सरकला!"

विल्माबाई दोन्हीकडे मान हलवून दमल्या. "एल्रॉय, काय म्हणतायत या?"

"तुमचं स्वागत करतायत."

"किती छान! माझेही नमस्कार सांगा."

एल्रॉयने खरोखरच सांगितले. शाल म्हणाली, "बाई बरी दिसतेय. याच्यासोबत कशाला फिरतेय?"

इतक्यात होबार्ट ओरडले, "आला! उजेड आला!" सगळ्यांचे डोळे उघडले. वरून उन्हाची सळई उतरली आणि बरोबर काणीच्या पाठीवर टेकली. एल्रॉयला टोपीतून काही दिसत नव्हतं, पण धंदा तो धंदा. तो टोपीतूनच बोलू लागला, "गडबड नको! फ्लॅश बंद! आभाळ घेऊ नका! जिथे जास्त चमकतंय तिथला उजेड मोजा, नाही तर खांब फोटोत जळून पांढरा पडेल!"

"त्याला सांग, कुणावर ओरडतोय?"

"बाई, त्यांना सांगा, कॅमेऱ्यांवर."

"कॅमेऱ्याला कान असतात का म्हणावं!" झोनीबाई म्हणाल्या. उन्हात उभ्या काणीला आवरायला त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि हाताला घंटा लागली. त्यांनी ती हलवली. वाजली नाही. त्यांनी बोट आत घातलं. घळीत एकदम अशी शांतता पसरली, की कालच्या बाईला ती आयती मिळाली असती.

"त्याला सांग," झोनीबाई सावकाश म्हणाल्या, "ही लोकर लाल आहे. हा लाल रंग माझ्या लेकीशिवाय कुणाला जमत नाही. माझी लेक शेळीच्या घंटेत लोकर कोंबत नाही. मग कुणी कोंबली?"

"बाई, त्यांना सांगा..." एल्रॉय थांबला. "नको. काही सांगू नका."

विल्माबाईंनी मान हलवली. हाही निरोप पोचला.

झोनीबाईंनी लोकर उपटून कनवटीला लावली. घंटा खणकन वाजली. "त्याला सांग, आता तर मी मुळीच हलत नाही. इथेच कुंपण घालीन, तो आत असतानाच!"

घंटेचा आवाज ऐकताच एल्रॉयचे पाय सवयीने मागे वळायला लागले. मागे होबार्टसाहेबांचं पोट होतं. आणि तिथे, भिंतीला कपाळ लावून उभं असताना, एल्रॉयला पहिल्यांदाच राग आला. घळ तर गेलीच होती. छपरं तर घालायचीच होती. मग आता वळायचं कशासाठी?

"बाई, त्यांना सांगा," तो मोठ्याने म्हणाला, "लग्न झाल्यापासून घंटा वाजली की मी वळलो. दुकानात वळलो, लग्नात वळलो, माझ्या पोरीच्या शाळेतल्या समारंभात खिडकीतून बाहेर पडलो. लोकर कोंबली, ते चुकलं. पण आज माझ्या भरवशावर माणसं आत आली आहेत. त्यांना ढकलत मी मागे जाणार नाही."

"मग काय माझ्या डोक्यावरून जाणार?" शाल कडाडली.

हे बोलणं रागाचं होतं, पण घळीत ते सूचनेसारखं घुमलं. अंगाला अंग घासून सासूजवळून जाणं तर बोलायलाच नको. मागे जाणं नाही. पुढे जाणं नाही. एल्रॉयने पाठ एका भिंतीला लावली, बूट समोरच्या भिंतीला रोवले आणि कोळ्यासारखा वर सरकू लागला. एकदाचा पुरेसा वर गेल्यावर त्याने टोपी मागे टाकली, नजर आभाळाच्या दोरीवर बांधली आणि म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, वाट मोकळी आहे."

झोनीबाई चालू लागल्या. मान खाली, नजर वाळूत. पाहुणे पोटं भिंतीला लावून उभे राहिले आणि शेळ्या त्यांच्या पायांमधून, पिशव्यांखालून घुसल्या. खुरांनी वाळू उसळली. मूठभर वाळूने जो खांब कसाबसा दिसायचा, तो शेळ्यांच्या धुळीत असा पेटून उठला, की एल्रॉयच्या सगळ्या उन्हाळ्यात तसा कुणी पाहिला नव्हता. त्यालाही पाहता आला नाही, तो आभाळ बघत होता. पाय थरथरत होते, तरी तोंड चालू होतं. "भिंतीला टेका! श्वास सोडा! कॅमेरा उभा! तिकडून घ्या, तिकडून!" हात मोकळे असते तरी आमच्यात बोट दाखवत नाहीत, ओठांनी दिशा दाखवतात. त्याने दाखवली. पण ती आभाळाला दिसली, पाहुण्यांना नाही.

एका शेळीने होबार्टसाहेबांच्या पिशवीचा पट्टा तोंडात धरला. साहेब दचकले, आणि लख्ख! फ्लॅश उडाला. शेळ्या बिथरल्या, काणीने मागचे पाय झाडले. झोनीबाई गर्रकन वळल्या आणि काठी साहेबांच्या लेन्सवर टकटकवून म्हणाल्या, "तो म्हणाला ना, फ्लॅश बंद!"

एवढा एक परका शब्द त्यांनी इतक्यात उचलला होता. वर एल्रॉय पडता पडता सावरला. आपल्या बाजूने सासू काही बोलली, हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

संध्याकाळी लोरिंडा आईकडे गेली. झोनीबाई कुंपणाचे खांब रचून, तारेचं भेंडोळं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"आई, नको ना."

"आडवा आला की नाही?"

"आडवा कुठे? वर गेला."

"आधी आडवा आला, मग वर गेला. आणि लोकर तुझी. मागावर लक्ष नसतं तुझं." त्यांनी कनवटीची लोकर काढून लेकीच्या मांडीवर टाकली. "आता माझे डोळे गेले म्हणजे शेळ्या तू राखशील?"

"तू पाहिलंस त्याला?"

"मी काय वेडी आहे? त्यानेच पाहिलं असेल मला."

लोरिंडाने फोन काढला. विल्माबाईंनी जाताना आपण काढलेला फोटो कॅमेऱ्यातून त्यात उतरवून दिला होता. वर भिंतींमध्ये अडकलेला जावई, खाली शेळ्यांसह सासू, मधे धुळीने पेटलेला उजेडाचा खांब. लोरिंडाने वरचा भाग अंगठ्याखाली झाकला आणि फोन आईपुढे धरला. "ही बघ तू. वाळूकडे बघतेयस. आणि तो आभाळाकडे बघतोय, मी सांगते. कुणाचेही डोळे जात नाहीत."

झोनीबाईंनी फोटो निरखला. स्वतःचा इतका चांगला फोटो त्यांनी पाहिला नव्हता. काणी तर राणीसारखी दिसत होती.

"दातवाल्याचा कसा आला?"

"उकडलेल्या बटाट्यासारखा."

"येणारच." त्या पुढे झुकल्या. "अंगठा जरा वर घे."

"आई!"

"जराच म्हणतेय ना. बुटांपर्यंत. बुटांना बंदी नाही."

लोरिंडाने अंगठा केसभर सरकवला. दोन बूट दिसले. एकाला भोक होतं, दुसऱ्याचा तळवा अर्धा सुटून लोंबत होता.

झोनीबाईंनी फोन डोळ्यांजवळ घेतला. "या बुटांनी भिंत चढला?" त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचा नवरा असल्या बुटांनी फिरतो आणि लोक मला नावं ठेवत असतील."

दुसऱ्या दिवशी एल्रॉयच्या दाराशी दुकानातले नवेकोरे बूट होते. कुंपणाच्या तारेने ते एकमेकांना बांधलेले, आणि त्याच तारेला लटकवलेली काणीची घंटा. लोरिंडाने निरोप सांगितला, "घळ ठेव म्हणाली. बूट घालायचे आणि घंटाही तूच बांधायची. ऐकायचं तिने, वाजायचं तू."

"तिला सांग, मी शेळी नाही!"

लोरिंडा गेली आणि आली. "म्हणाली, शेळी असतास तर कधीच विकला असता."

एल्रॉयने दोन दिवस घंटेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कंबरेला बांधली, पण मान ताठ ठेवून. पाहुणे घंटेचेही फोटो काढू लागले.

"ही जुनी प्रथा आहे का?" ते विचारत.

"फार जुनी," एल्रॉय म्हणे. "मंगळवारपासूनची."

झोनीबाईंच्या शेळ्यांना मात्र तेव्हापासून भर दुपारी घळीतूनच जायची खोड लागली. बरोबर उजेडाच्या वेळी. लोरिंडाने विचारलं तर म्हातारी म्हणे, "सावली लागते त्यांना. मी काय करू?" पेटीतली जुनी घुंगरं त्यांनी का बाहेर काढली, हे विचारायची लोरिंडाची छाती झाली नाही.

अजूनही मध्यावरच्या अरुंद जागी इकडून घंटा आणि तिकडून घुंगरं एकदमच थांबतात. मागे कुणी फिरत नाही. एल्रॉय नवे बूट भिंतीला लावतो, वर चढतो आणि आभाळ बघत सांगू लागतो, "कॅमेरा उभा, श्वास सोडा..." आणि खालून, त्याच्याही आधी, शालीतून हुकूम सुटतो, "फ्लॅश बंद!"

परवा एल्रॉय वरून कुणा नव्या पाहुणीला म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, आज उजेड फार चांगला आहे."

"त्याला सांग," झोनीबाई म्हणाल्या, "उजेड चांगला आहे, पण त्याचे पाय हलतायत. लोकांचे फोटो बिघडतील."